नोव्हेंबरात १५ मिनिटं, फेब्रुवारीत ३ : कॉलेज बास्केटबॉलच्या कॉन्फरन्स सीझनमध्ये नेमकं काय होतं

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यांची लेक अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका मिड-मेजर, म्हणजे मोठ्या नावाच्या गटांबाहेरच्या, कॉलेजात फ्रेशमन (पहिल्या वर्षाला) आहे, गार्ड खेळते, म्हणजे बाहेरून बॉल हाताळणारी. डिसेंबरपर्यंत टीम ९-३ होती (नऊ जिंकल्या, तीन हरल्या) आणि तिला मॅचला चौदा-पंधरा मिनिटं मिळत होती. जानेवारीत कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्याच गटातल्या कॉलेजांशी, मॅचेस सुरू झाल्या आणि आता तिथे टीम ४-६ आहे, लेकीला तीन मिनिटं मिळतात आणि दोन मॅचमध्ये ती बेंचवरून उठलीच नाही. फोनवर रडली. यांचे प्रश्न तीन आहेत : कोचचं काही चुकतंय का, टीम मार्च मॅडनेसला (कॉलेज खेळांची संस्था एनसीएए हिच्या मार्चमधल्या राष्ट्रीय टूर्नामेंटला) जाईल का, आणि सीझन संपल्यावर तिने ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकावं का.

मी कोण ते आधी सांगते म्हणजे माझं बोलणं कुठून येतंय ते कळेल. नागपूरला कॉलेजात खेळले, मग इकडे मास्टर्सला आले आणि ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून टीमचे व्हिडिओ कापायला लागले, आता डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, असिस्टंट कोच आहे आणि स्काउटिंग, म्हणजे समोरच्या टीमचा अभ्यास, माझ्याकडे असतं. हा माझा चौदावा सीझन. तुमच्या लेकीची टीम मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्या कोचबद्दल मी निकाल देणार नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते मी जवळजवळ दरवर्षी आमच्याच बेंचवर बघते.

माझ्या मते खरा प्रश्न 'मिनिटं का कमी झाली' हा नाहीये. तुम्ही नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हा एकच सीझन समजताय आणि सगळी गडबड तिथे आहे. कॅलेंडर एक असलं तरी हे दोन वेगळे खेळ आहेत.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये समोर कोण असतं बघा. एखादी मोठ्या कॉन्फरन्सची टीम, जिच्याकडे आपण पैसे घेऊन जातो आणि बहुतेक वेळा मार खाऊन येतो, मग दोन-चार आपल्यासारख्या, आणि घरच्या कोर्टवर एक-दोन खालच्या पातळीच्या डिव्हिजन थ्री वगैरे टीम, ज्यांना तीस पॉइंटने हरवतो. त्यामुळे ९-३ हा आकडा शेड्यूल बघितल्याशिवाय मला काही सांगत नाही. त्यातल्या किती मॅचेस वीस-पंचवीसच्या फरकाने जिंकल्या ते मोजा, कारण तुमच्या लेकीची पंधरा मिनिटं त्याच मॅचेसच्या चौथ्या क्वार्टरमधून आली असण्याची शक्यता मोठी आहे. आली नसतील तर ती तिने खरंच कमावलेली आहेत आणि मग माझं पुढचं बोलणं थोडं बदलेल. बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचा तक्ता) कॉलेजच्या साइटवर असतात, प्ले-बाय-प्लेमध्ये (क्रमवार नोंदीत) ती कधी आत आली आणि तेव्हा स्कोअर काय होता हे सगळं दिसतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं म्हणजे नोव्हेंबरात समोरची टीम तुम्हाला एकदाच भेटणार असते. तिच्याकडे तुमच्या दोन-तीन मॅचचा व्हिडिओ असतो, तोही नव्या खेळाडूंची अजून भट्टी जमायच्या आधीचा. कॉन्फरन्समध्ये तसं नसतं. समजा दहा टीम आहेत आणि प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, म्हणजे अठरा मॅचेस, आणि समोरची कोच तुमच्या कोचला वर्षानुवर्षं ओळखते. मी एका मॅचसाठी समोरच्या टीमच्या शेवटच्या पाच-सहा मॅचेस पूर्ण बघते, सिनर्जी नावाच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरवर प्रत्येक खेळाडूच्या क्लिप्स वेगळ्या काढते, गेल्या वर्षीच्या आमच्याविरुद्धच्या दोन्ही परत बघते, आणि त्यांची कोच साइडलाइनवरून काय ओरडते, हाताच्या कुठल्या खुणा करते ते लिहून काढते. त्यांची पॉइंट गार्ड डोक्यावर मूठ ठेवते म्हणजे कुठला प्ले येणार हे आमच्या मुलींना त्यांच्याच फॉरवर्डच्या आधी कळतं असंही झालेलं आहे. तेच सगळं समोरची माणसं आमच्याबद्दल करत असतात.

एक उदाहरण जरा जवळून दाखवते. एका सीझनला जानेवारीत एका टीमच्या शूटरने आमच्यावर २४ पॉइंट टाकले. ती डाव्या कॉर्नरमध्ये उभी राहायची, त्यांची सेंटर फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्याजवळ आमच्या पोरीला स्क्रीन लावायची, म्हणजे तिच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहायची, आणि ही त्या स्क्रीनला खांदा घासून वर यायची, पास घ्यायची, पाय जागेवर येईपर्यंत बॉल सुटलेला असायचा. आमची पोरगी दरवेळी स्क्रीनमागून धावत यायची आणि अर्धा सेकंद उशीर. फेब्रुवारीत परत गाठ पडली तेव्हा आम्ही एकच गोष्ट बदलली. शूटरच्या मागे उभं राहायचं नाही, तिच्या आणि स्क्रीनच्या मध्ये उभं राहायचं, तिच्याकडे तोंड करून. वरचा रस्ताच बंद. तिला जायला एकच जागा उरते, बास्केटकडे मागून कट, आणि तिथे आमची सेंटर आधीच येऊन थांबलेली. पहिल्या हाफमध्ये तिला फक्त दोन शॉट मिळाले, मॅच संपली तेव्हा तिचे ७ पॉइंट होते. गॅलरीतल्या तिच्या घरच्यांना नक्की वाटलं असणार की पोरीचा फॉर्म गेला. तिचा फॉर्म होता तसाच होता, रस्ता बंद झाला होता.

आता हे तुमच्या टीमला लावून बघा. डिसेंबरपर्यंत जे प्ले चालत होते ते आता पहिल्या पासलाच अडतात. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायची मुदत, ३० सेकंदांची, त्यातले पंधरा-सोळा सेकंद पहिला प्रयत्न फसण्यात जातात आणि मग उरलेल्या वेळात मुलींना स्वतः वाचून खेळावं लागतं : डिफेंडर वरून येतेय की खालून, मदतीला कोण सरकली, मोकळं कोण झालं. हे वाचन तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना येतं कारण त्यांनी ते जिम, त्या समोरच्या मुली, त्या खोड्या आधी भोगलेल्या असतात, आणि फ्रेशमनला ते येत नाही म्हणजे ती कमी पडली असं नाही, तिने ते अजून पाहिलेलंच नसतं.

म्हणून रोटेशन, म्हणजे आलटून पालटून खेळवायच्या मुलींची यादी, आखडतं. साधा हिशोब आहे. मॅच ४० मिनिटांची, कोर्टवर पाच जणी, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. नोव्हेंबरात कोच दहा-अकरा जणींना खेळवून बघते. जानेवारीत मॅचेस चार-पाच पॉइंटच्या फरकाच्या व्हायला लागल्या की पहिल्या पाच जणी सरासरी ३२ मिनिटं खेळतात, ती झाली १६०, उरली ४०, आणि ती तिघींत वाटली तर प्रत्येकीला तेरा-चौदा. नववीला काही उरतच नाही. टीममध्ये पंधरा जणी असू शकतात, म्हणजे सहा-सात जणी दर रात्री गणवेश घालून बसणार हे ठरलेलंच असतं. तुमची लेक आठवी होती का नववी, एवढाच तो फरक असतो आणि पंधराची तीन व्हायला तो पुरतो.

आणि ही आठवी-नववीची निवड बहुतेक वेळा डिफेन्सवर होते. आई-बाबा लोकांना हे पटायला सगळ्यात जड जातं कारण गॅलरीतून बास्केट दिसते, चुकलेलं कव्हरेज (कुणाला कसं अडवायचं ते ठरलेलं) दिसत नाही. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक फ्रेशमन होती, फार गोड हात. एका मॅचमध्ये आत आली, आल्या आल्या थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारला, बॉल समोरच्यांकडे गेला तेव्हा पुढच्याच पझेशनला त्यांच्या गार्डसाठी स्क्रीन लागली आणि ही स्क्रीनच्या खालून, बास्केटच्या बाजूने, गेली, म्हणजे शूटर मोकळी सुटली. स्काउटिंग रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की ही शूटर आहे, वरूनच जायचं. समोरचीने थ्री टाकला. पुढच्या वेळी तेच, परत थ्री. हेड कोचने तिला काढलं, खेळली किती तर दोन मिनिटं दहा सेकंद. मॅचनंतर तिची आई मला पार्किंगमध्ये भेटली, आवाज भरून आला होता, म्हणाली की थ्री मारला तरी काढलं. मी तिथे काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या मुलीला त्या दोन क्लिप्स दाखवल्या, शेजारी बसून, चार-पाच वेळा. तिने स्वतःच लॅपटॉप थांबवला आणि म्हणाली की मला वाटलं ही दुसरी गार्ड आहे. दोघींच्याही पोनीटेल, उंची सारखी, तिने नंबर बघितलाच नव्हता. एवढं साधं कारण होतं. पुढच्या वर्षी ती स्टार्टर झाली.

मग हे शिकवत का नाहीत असं तुम्ही विचाराल. वेळच नसतो हो. एनसीएएचा नियम आहे की सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. मॅचचा दिवस ३ तास धरतात. आठवड्यात दोन मॅचेस म्हणजे सहा तास गेले, उरले चौदा, त्यात व्हिडिओ सेशन, वेट्स आणि दोन वेगवेगळ्या टीमची तयारी. स्वतःचे प्ले सुधारायला जेमतेम वेळ मिळतो, तिथे फ्रेशमनला मुळापासून शिकवायचं काम मार्चनंतरच्या महिन्यांवर ढकललं जातं. हे मला आवडत नाही, मी दरवर्षी त्यावर वाद घालते, पण नियमही मुलींच्या भल्यासाठीच आहे आणि फेब्रुवारीत त्यांचे पाय बघितले की मला तो आणखी कडक असावा असं वाटतं.

पायांवरून सांगते, कारण याबद्दल कोणी विचारत नाही. गुडघ्याचं एसीएल (आतला मुख्य अस्थिबंध) फाटण्याचा धोका या खेळात मुलींना मुलांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त असतो. गुरुवारी मॅच, रात्री बस, शनिवारी परत मॅच, मधे असाइनमेंट, असं आठ आठवडे. १९९८ मध्ये हार्वर्डने स्टॅनफर्डला ७१-६७ हरवलं, सोळाव्या सीडने (गटातल्या सगळ्यात खालच्या मानांकनाच्या टीमने) पहिल्या सीडला हरवण्याची एनसीएए टूर्नामेंटमधली ती पहिलीच वेळ, पुरुषांमध्ये ते व्हायला पुढे वीस वर्षं लागली. हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरने ३५ पॉइंट केले, ते श्रेय तिचंच. पण स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडूंचे गुडघे टूर्नामेंटच्या अगदी तोंडावर गेले होते हेही त्या निकालात आहे. त्यामुळे तुमच्या लेकीने फोनवर गुडघा, पिंडरी, शिन असलं काही म्हटलं तर मिनिटांचा विषय बाजूला ठेवा आणि ती ट्रेनरला, म्हणजे टीमच्या दुखापती बघणाऱ्या व्यक्तीला, सांगते की नाही ते विचारा. जागा जाईल म्हणून मुली लपवतात, आणि बेंचवरच्या मुली तर जास्तच लपवतात.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की मिनिटं कमी होणं ही कोचची चूक असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसते. मला काळजी कशाची वाटेल ते सांगते. तिच्याशी महिनाभर कोणी स्टाफमधलं एकटीला बसवून बोललेलं नाही. तिच्या स्वतःच्या क्लिप्स तिला कोणी दाखवलेल्या नाहीत. प्रॅक्टिसमध्ये ती स्काउट टीममध्येही नाही, नुसती बाजूला उभी असते. किंवा दुखत असताना खेळ म्हणून सांगतात. यातलं काही असेल तर ते गंभीर आहे. स्काउट टीममध्ये असेल तर मात्र मी उलट अर्थ काढीन. स्काउट टीम म्हणजे प्रॅक्टिसमध्ये पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचं सोंग घेणाऱ्या मुली, त्यांचे प्ले दोन दिवसांत पाठ करून आपल्या स्टार्टर्सविरुद्ध चालवायचे. मी त्यासाठी डोक्याने तल्लख असलेलीच मुलगी निवडते, कारण तिने त्यांची शूटर नीट उभी केली नाही तर आमची तयारी खोटी ठरते. अशी मुलगी एका सीझनमध्ये कॉन्फरन्समधल्या सगळ्या टीमचे प्ले आतून शिकते.

आणि कृपा करून तुम्ही स्वतः कोचला मेल करू नका. लेकीने जायचं. 'मला का खेळवत नाही' असं विचारायचं नाही, 'कुठल्या कव्हरेजमध्ये माझ्यावर भरवसा वाटत नाही, ते मला व्हिडिओवर दाखवाल का' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला कुठलीही कोच समजुतीचं काहीतरी बोलते. दुसऱ्याला तिला खरं उत्तर द्यावंच लागतं.

आता मार्च मॅडनेस. बायकांच्या टूर्नामेंटमध्ये २०२२ ला ६८ टीम झाल्या. २०२५ ला ३१ जागा कॉन्फरन्स चॅम्पियनना थेट होत्या आणि उरलेल्या ३७ समितीने निवडलेल्या. त्या ३७ मध्ये बहुतेक मोठ्या कॉन्फरन्सच्याच टीम जातात. अपवाद होतात, त्याच वर्षी आयव्ही लीग नावाच्या कॉन्फरन्समधून हार्वर्ड कॉन्फरन्स टूर्नामेंट जिंकून गेली आणि प्रिन्स्टन, कोलंबिया समितीच्या निवडीतून, म्हणजे एका मिड-मेजर लीगच्या तीन. पण त्यासाठी नेट नावाच्या रँकिंगमध्ये, जे बायकांसाठी २०२०-२१ पासून वापरतात, वर असावं लागतं, आणि त्यात समोरची टीम किती तगडी होती, कुठे खेळलात, आणि प्रत्येक पझेशनला किती कमावलं-गमावलं हे धरतात. कॉन्फरन्समध्ये ४-६ असलेल्या टीमला तो रस्ता जवळपास बंद आहे, हे मी स्पष्टच सांगते.

पण मिड-मेजरमध्ये कॉन्फरन्स टूर्नामेंट नावाचा दुसरा रस्ता असतो, आणि त्यामुळेच उरलेल्या आठ मॅचेसना अर्थ आहे. टूर्नामेंटची रचना प्रत्येक कॉन्फरन्सची वेगळी, त्यामुळे तुमचं बघून घ्या, काही ठिकाणी वरच्या दोन टीम थेट सेमीफायनलला जातात. दहाच्या दहा टीम आत असतील आणि साधा ड्रॉ असेल तर सातव्या ते दहाव्या नंबरला एक मॅच जास्त खेळावी लागते. म्हणजे सहावी आलात तर तीन दिवसांत तीन मॅचेस, सातवी आलात तर चार दिवसांत चार. मी दोन्ही केलंय आणि चौथ्या दिवशी पायात काही उरत नाही, थ्री पुढच्या रिमला लागायला लागतात. तेव्हा सहावी आणि सातवी यांच्यातली ती एक मॅच कधीकधी आख्ख्या सीझनची मॅच असते आणि ती गर्दी नसलेल्या एखाद्या बुधवारी होऊन जाते. यात आता पैसाही आलाय. २०२५ च्या टूर्नामेंटपासून बायकांच्याही टीम टूर्नामेंटमध्ये खेळल्या आणि जिंकत पुढे गेल्या की त्यांच्या कॉन्फरन्सला वाटा मिळतो, पहिल्या वर्षी एकूण दीड कोटी डॉलर होते. पुरुषांच्या बाजूला हे कित्येक दशकं चालू होतं, मला या गोष्टीचा मनापासून आनंद आहे.

पोर्टलबद्दल. इथे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे : स्कॉलरशिप किती, मेजर (मुख्य विषय) काय, तिच्या जागेवरच्या सीनियर (शेवटच्या वर्षाच्या) किती जणी जाणार, तिला तिथे मैत्रिणी आहेत का. फेब्रुवारीत रडत असताना हे ठरवू नये, एवढं नक्की. ओरेगन स्टेटचं बघा. २०२४ ला त्या एलिट एटपर्यंत (एनसीएएच्या शेवटच्या आठांत) गेल्या, त्यांची कॉन्फरन्स पॅक-१२ फुटल्यावर त्यांच्या बहुतेक मुख्य खेळाडू पोर्टलने दुसरीकडे गेल्या, पुढच्या वर्षी वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पाहुण्यासारख्या खेळल्या, नियमित सीझन जिंकला नाही आणि तरी मार्चमध्ये कॉन्फरन्स टूर्नामेंट जिंकून परत एनसीएएला. ज्या मुली त्याआधी बेंचवर किंवा रोटेशनच्या टोकाला होत्या त्यांच्याकडे एका उन्हाळ्यात टीम आली. गेलेल्या चुकल्या असं मी म्हणत नाही, त्यांचंही बऱ्याच जणींचं छान झालं. म्हणायचं एवढंच की एका वर्षात बेंच कुठे असेल ते फेब्रुवारीत दिसत नाही. सीझन संपल्यावर कोच प्रत्येकीशी एकटीने बोलतात, ती मीटिंग होऊ द्या, पुढच्या वर्षी तिच्याकडून काय अपेक्षा आहे ते तिला ठोस सांगतात का ते बघा, आणि मग ठरवा. गोलगोल उत्तर मिळालं तर पोर्टलचा विचार अगदी रास्त आहे.

शनिवारी ज्यांच्याशी खेळायचंय त्यांच्याशी जानेवारीत हरलो होतो असं तुम्ही लिहिलंय. मग ही दुसरी गाठ. पहिल्या क्वार्टरमध्ये बॉलकडे न बघता तुमच्या सगळ्यात चांगल्या शूटरकडेच बघत राहा, तिला पहिला पास घ्यायला किती वर ढकललंय, आपल्या कोचने तिच्यासाठी जागा बदललीय का, तिचा रस्ता बंद झाल्यावर पुढे कोण जबाबदारी घेतंय. आणि एकदा बेंचकडे बघा. लेक कुठे बसलीय? शेवटच्या खुर्चीवर टॉवेल घेऊन, का असिस्टंट कोचच्या जवळ? आमच्याकडे स्काउट टीमची गार्ड माझ्या शेजारी बसते, कारण समोरच्या पॉइंट गार्डने हात वर केला की प्लेचं नाव सगळ्यात आधी तिच्या तोंडून येतं आणि ती ते ओरडून कोर्टवर पोचवते. तुमची लेक तसं काही ओरडताना दिसली तर मला इथे येऊन नक्की सांगा, आणि प्ले-बाय-प्लेमधून काढलेली तिची नोव्हेंबरची मिनिटंही टाका, मग पुढचं नीट बोलता येईल.